जलतरण तलावातील यंत्रमानव अडला तर...

जलतरण तलावाच्या तळाशी फिरून गाळ, पाने आणि केस ओढून घेणारा यंत्रमानव आता केवळ तारांकित हॉटेलांपुरता उरलेला नाही. पुण्या-मुंबईतील मोठी गृहसंकुले आणि लोणावळ्याचे बंगले येथेही तो दिसू लागला आहे. मात्र हे यंत्र एकदा अडले की 'मोटार जळाली' असा निष्कर्ष काढून त्याला पंपघराच्या कोपऱ्यात टाकले जाते, किंवा पेचकस घेऊन ते उघडले जाते. वस्तुतः नेहमीच्या तक्रारींचे मूळ बहुधा मोटारीत नसून गाळणी, केबल, ब्रश किंवा तलावाच्या पाण्यात असते. ते शोधण्याचा क्रम ठाऊक असला तर दुरुस्तीचा खर्च वाचतो आणि विजेचा धोकाही टळतो.

यंत्र चालते कसे?

काठावरील वीजपुरवठा पेटी घरगुती २३० व्होल्टचा प्रवाह ३० व्होल्टच्या आतबाहेरच्या एकदिश प्रवाहात बदलते. तरंगत्या केबलमधून तो यंत्राच्या मोटारींपर्यंत पोहोचतो. एक मोटार पट्टे व ब्रश फिरवते, तर दुसरी पंपाचा पंखा. हा पंखा तळाकडील पाणी खेचून गाळणीतून वर फेकतो. वर फेकलेल्या पाण्याच्या प्रतिक्रियेमुळेच यंत्र तळाला आणि भिंतीला दाबून धरले जाते. अर्ध्याअधिक दोषांचे निदान या एका गोष्टीतून होते.

सुरूच होत नसेल तर

प्रथम भिंतीवरील प्लगमध्ये वीज आहे का आणि गळती-संरक्षक स्विच पडला आहे का, हे पाहावे. स्विच पुन्हा पुन्हा पडत असेल तर तो बळेच चढवून ठेवू नये, वीजतंत्रज्ञालाच बोलवावे. स्विच जागेवर असल्यास पेटी बंद करून यंत्राची केबल तिच्यापासून सोडवावी आणि अर्ध्या मिनिटाने पेटी पुन्हा सुरू करावी. केबल नसतानाही दिवा लागत नसेल तर दोष पेटीत आहे. केबल नसताना दिवा टिकतो आणि केबल जोडताच विझतो, असे घडल्यास दोष केबलमध्ये किंवा यंत्रात आहे. एवढी माहिती दिली तरी सेवाकेंद्राचे निम्मे काम होते.

भिंत चढत नसेल तर

ही सर्वांत नेहमीची तक्रार. गाळणी भरली की पाण्याचा प्रवाह मंदावतो, दाब घटतो आणि यंत्र भिंतीवरून घसरते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर गाळणी नळाखाली धुवावी. गाळणी स्वच्छ असूनही यंत्र चढत नसेल तर पंख्यात केस किंवा दोरा गुंतला आहे का, हे पाहावे. त्यानंतर ब्रशकडे वळावे. गुळगुळीत फरशीच्या तलावात साधे प्लास्टिकचे ब्रश घसरतात, तेथे स्पंजासारखे ब्रश लागतात. हे ब्रश वाळले की कडक होतात, त्यामुळे वापरापूर्वी ते भिजू द्यावेत. भिंतीवर शेवाळाचा बुळबुळीत थर असेल तर मात्र दोष यंत्राचा नव्हे, पाण्याचा आहे. पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ आणि मुक्त क्लोरिन दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम राखणे हाच त्यावर उपाय. क्लोरिनचा मोठा डोस दिल्यावर त्याचे प्रमाण उतरेपर्यंत यंत्र पाण्यात सोडू नये.

गोल फिरत असेल तर

एका बाजूचा पट्टा सैल झाला, ब्रश झिजला किंवा चाकात केस अडकले की यंत्र एकाच जागी घिरट्या घालते. केबलला पडलेला पीळही तेच करतो. अशी केबल पूर्ण उलगडून उन्हात सरळ पसरून ठेवावी, पीळ बराचसा सुटतो. तलावाला आवश्यक तेवढीच केबल पाण्यात सोडावी. बॅटरीवरील बिनतारी यंत्रांना हा त्रास नाही, पण गाळणी आणि ब्रशचे नियम त्यांनाही लागू आहेत.

यंत्र तरंगत राहिल्यास आत हवा अडकली आहे असे समजावे. ते पाण्याखाली धरून दोन्ही बाजूंना कलते करावे, बुडबुडे थांबले की ते खाली जाते. साफ केलेली धूळ पुन्हा पाण्यात पसरत असेल तर गाळणी फाटली आहे का, ते तपासावे. यंत्र उचलताना तळातून कचरा गळत असेल तर तोंडाची झडप तुटलेली असू शकते.

हे मात्र करू नये

यंत्र पाण्यात असताना कोणीही तलावात उतरू नये. 'व्होल्टेज तर कमी आहे' ही सबब चालणार नाही, कारण पेटीला येणारा प्रवाह २३० व्होल्टचाच असतो. पेटी काठापासून किमान साडेतीन मीटर दूर, सावलीत आणि पावसापासून सुरक्षित ठेवावी. ओल्या फरशीवर एक्स्टेन्शन बोर्ड टाकणे म्हणजे संकटाला निमंत्रणच. यंत्र कोरडे चालवून पाहण्याचा मोहही टाळावा. पाण्याविना मोटार तापते आणि तिची सीले खराब होतात. केबलला धरून यंत्र वर ओढू नये, काठाजवळ आणून मुठीने उचलावे. मोटारीची सीलबंद पेटी तर कधीच उघडू नये. एकदा सील सुटले की आत पाणी शिरते आणि हमीची मुदतही सहसा निरर्थक ठरते.

ही तपासणी प्रत्यक्षात करतो तो तलावावरचा कर्मचारी. गृहसंकुलांनी यंत्राची माहितीपुस्तिका कपाटात न ठेवता तिच्यातील सूचना मराठीत लिहून पंपघरात लावाव्यात आणि मुख्य स्विच कोठे आहे, हे त्याला दाखवून द्यावे. यंत्रमानव तळ झाडतो, पाणी निर्जंतुक करीत नाही. त्यामुळे तळ लख्ख दिसला तरी पाण्याची रोजची तपासणी चुकवून चालणार नाही.