पट्टा नेमका कुठल्या बाजूला सरकतो?

मंडईच्या आसपासच्या पेठांमध्ये काही जुन्या पिठाच्या गिरण्या अजून टिकून आहेत. एका कोपऱ्यात मोटर, दुसऱ्या कोपऱ्यात चक्की आणि मध्ये हाताच्या पंजाएवढा रुंद सपाट पट्टा. दळण टाकायला गेलात तर जरा त्या पट्ट्याकडे बघा. पुलीला ना कड असते, ना खाच. तरी पट्टा दिवसभर मधोमध फिरत राहतो. हे कसं होतं? आणि ज्या दिवशी तो सारखा उतरायला लागतो, त्या दिवशी शोध कुठून सुरू करायचा?

पेट किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांसाठी हा प्रश्न मला फार आवडतो, कारण यातली दोन निरीक्षणं एकमेकांच्या उलट दिसतात आणि दोन्ही खरी आहेत.

पहिलं निरीक्षण असं. दोन साध्या, सरळ नळकांड्यासारख्या पुली घ्या. त्यातली एक किंचित तिरकी बसवा, म्हणजे डावीकडे दोन पुलींमधलं अंतर कमी आणि उजवीकडे जास्त. पट्टा डावीकडे ढिला, उजवीकडे ताणलेला. तो सरकतो डावीकडे, ढिल्या बाजूला.

दुसरं निरीक्षण. पुली सरळ आहे, पण मधोमध किंचित फुगीर आहे. गिरणीतली पुली बहुधा अशीच असते. हात फिरवलात तर जाणवेल (अर्थात मोटर बंद असताना). मध्ये व्यास जास्त, म्हणजे तिथे ताणही जास्त. पट्टा सरकतो मध्यभागी, म्हणजे ताणलेल्या बाजूला!

आता नियम काय लिहायचा वहीत? 'पट्टा ढिल्या बाजूला जातो' की 'ताणलेल्या बाजूला जातो'? दोन्ही लिहून चालणार नाही. ताण हा शब्दच बाजूला ठेवला की गुंता सुटतो. विचारायचं एवढंच: पट्टा पुलीवर चढतो त्या क्षणी तो कुठल्या कोनात येतो? एकदा पुलीला चिकटला की पट्ट्याचा तो बिंदू पुलीसोबतच फिरतो, म्हणजे अक्षाला काटकोनात. तिरक्या पुलीचा 'काटकोन' येणाऱ्या पट्ट्याच्या दिशेशी जुळत नाही, तो जवळच्या टोकाकडे झुकलेला असतो. त्यामुळे प्रत्येक नवा बिंदू आधीच्या बिंदूपेक्षा थोडा त्या बाजूला नेला जातो. फुगीर पुलीचं तसंच, फक्त कोन वेगळ्या कारणाने तयार होतो. मध्यापासून ढळलेला पट्टा उतारावर बसतो आणि आडवा ताठ असल्यामुळे त्या उतारावर सपाट बसायला बघतो. त्या नादात त्याचा पुलीकडे येणारा भाग जाड बाजूकडे वळतो, आणि पुढचा बिंदू थोडा वर, मध्याच्या जवळ टेकतो.

हा कोन किती लहान असला तरी पुरतो, त्याचा अंदाज घेऊ. मोटरच्या दोन बोल्टमध्ये 30 सेंटीमीटर अंतर आहे आणि त्यातला एक बोल्ट 1 मिलिमीटर पुढे सरकला, असं समजा. कोन झाला 1/300. पट्टा सेकंदाला 6 मीटर वेगाने धावत असेल तर आडवा सरकण्याचा सुरुवातीचा वेग सेकंदाला 20 मिलिमीटर. 10 सेंटीमीटर रुंदीचा पट्टा काही सेकंदांत कडेला! प्रत्यक्षात फुगवटा आणि पट्ट्याचा ताठपणा त्याला बराच धरून ठेवतात, म्हणून रोज असं होत नाही. पण नुसत्या डोळ्याने 'मोटर सरळ दिसतेय' म्हणण्याला किती अर्थ आहे, ते यावरून कळावं.

आता बिघाड शोधण्याकडे येऊ. गिरणीत दोन तक्रारी नेहमी एकत्र केल्या जातात: पट्टा घसरतो आणि पट्टा उतरतो. घसरण्यावर राळ लावतात, त्याने पकड वाढते. उतरण्यावर राळ लावून काही होत नाही, कारण तिथे कोन चुकलेला असतो, पकड नाही. काही जण पट्ट्याच्या कडेला लाकडी खुंटी ठोकतात. पट्टा उतरायचा थांबतो, पण त्याची कड महिनाभर खुंटीवर घासून झिरते आणि मग पट्टाच बदलावा लागतो. हे मला शोधनिबंधांमधल्या त्या आलेखांसारखं वाटतं, ज्यात नको असलेले बिंदू 'आउटलायर' म्हणून काढून टाकलेले असतात.

खरी परीक्षा खडूने होते. पट्ट्यावर एका जागी खूण करा आणि मोटर हळू फिरवून लांबून बघा. पट्ट्याचा ठरावीक तुकडाच, खूण आली की, सगळ्या पुलींवर बाजूला जातो का? मग दोष पट्ट्यात आहे. बहुधा जोड तिरका कापलाय. की सगळाच पट्टा एका ठरावीक पुलीवर बाजूला जातो? मग दोष त्या पुलीत, शाफ्टमध्ये किंवा बेअरिंगमध्ये. अजून शंका असेल तर पट्टा काढून त्याच्या कडा अदलाबदल करून घाला. सरकण्याची दिशा उलटली तर पट्टा दोषी, तशीच राहिली तर पुली. प्रयोगशाळेत आपण नमुना आणि यंत्र यांची अशीच अदलाबदल करतो.

हेच गणित बर्फावर नेऊ. भारताच्या अंटार्क्टिक मोहिमांची सूत्रं गोव्यातल्या वास्कोमधून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून हलतात. 1989 पासूनचं मैत्री केंद्र जहाज लागतं त्या बर्फकाठापासून सुमारे 100 किलोमीटर आत आहे. तिथवर इंधन आणि सामान ट्रॅकवर चालणाऱ्या गाड्या ओढून नेतात. वाटेत ट्रॅक उतरला तर गॅरेज नसतं. स्नोमोबाइल ही अशा गाड्यांची धाकटी बहीण. तिचा रबरी ट्रॅक पुढच्या दातेरी चाकांनी फिरतो, मध्ये दोन रेलवरच्या प्लास्टिक स्लायडरवरून घसरतो आणि मागे धुऱ्यावरच्या चाकांना वळसा घालतो. तो धुरा म्हणजे आपली तिरकी होऊ शकणारी पुली. दोन्ही टोकांना एकेक बोल्ट असतो. ट्रॅक डावीकडे सरकत असेल तर डावा बोल्ट आवळायचा, म्हणजे ती बाजू मागे जाईल आणि ट्रॅक उजवीकडे येईल. अंतर्ज्ञानाने बरेच जण उलटं करतात: 'डावीकडे ओढला जातोय, मग डावीकडे ढिला करू.' ढिला केला की तो आणखी डावीकडे जातो.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी ताण, मग सरळपणा. बोल्ट फिरवला की दोन्ही बदलतात, म्हणून सरळ केल्यावर ताण परत मोजावा लागतो. शिवाय सस्पेन्शन दाबलं गेलं की ताणही बदलतो. मॅन्युअलमध्ये ज्या स्थितीत मोजायला सांगितलंय त्याच स्थितीत मोजा, नाहीतर कालचा आकडा आणि आजचा आकडा यांची तुलनाच होत नाही.

आता गोंधळात टाकणारा भाग. एका बाजूचा स्लायडर जास्त झिजलेला दिसला की सगळे बोल्टकडे धावतात. पण डाव्या बाजूची स्प्रिंग मोडली असेल, एखादा आर्म वाकला असेल किंवा बुश खाल्लं गेलं असेल, तरी झीज एकाच बाजूला दिसते. अशा वेळी बोल्ट फिरवून ट्रॅक सरळ केलात तर तो सरळ दिसेल, आणि मोडकी स्प्रिंग तशीच राहील. दोन्ही स्लायडर सारखे आणि झपाट्याने झिजत असतील तर सरळपणाचा संबंधच नसतो. स्लायडरला बर्फाचं वंगण लागतं आणि गाडी कडक, उघड्या पृष्ठभागावर चालवली गेली असण्याची शक्यता जास्त. मागची बाजू खाली बसत असेल तर आधी स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरमधून तेल गळतंय का ते बघायचं, ट्रॅक नंतर.

तपासताना गाडीची मागची बाजू मजबूत आधारावर उचलतात, ट्रॅक हळू फिरवतात आणि मागे कुणालाही उभं राहू देत नाहीत. अडकलेला खडा गोफणीसारखा येतो. हात लावायचा तो इंजिन बंद करूनच. ट्रॅकच्या आतल्या गाइड आणि रेल यांमधली फट दोन्हीकडे सारखी झाली की लॉक नट आवळायचा. नट आवळतानाही धुरा किंचित सरकू शकतो, म्हणून त्यानंतर ट्रॅक पुन्हा फिरवून दोन्ही फटी परत मोजायच्या.