दोष सुनेचा नाही, जनुकांच्या जोडीचा

कालवड माजावर आली की रेतन करणाऱ्याला आपण आधी विचारतो, "हिच्या बापाचंच रेत नाही ना?" जवळचं रक्त एकत्र आलं की दडलेले दोष वर येतात, हे पुणतांब्याच्या दूधवाल्याला सांगावं लागत नाही. होल्स्टीन वळूंची 'ब्लॅड' या आनुवंशिक रोगासाठी तपासणी होते ती याचसाठी. वळू दिसायला धडधाकट, पण दोष रक्तात. माणसांच्या बाबतीत मात्र आपण हे सोयीस्कर विसरतो.

जून २०१६ मध्ये नागपूरच्या लता मंगेशकर रुग्णालयात एक मुलगी जन्मली. अंगावर जाड, ताठ कातडी, तिला खोल भेगा, पापण्या नि ओठ बाहेर वळलेले. दोन दिवसांत ती गेली. या रोगाचं नाव हार्लेक्विन इक्थिओसिस. त्याचं मूळ 'एबीसीए-१२' या जनुकात आहे, हे २००५ मध्ये कळलं. कातडीच्या वरच्या थराला स्निग्ध द्रव्य पोचवणं हे त्याचं काम. ते बंद पडलं की अंगातलं पाणी टिकत नाही, जंतू आत शिरतात.

प्रत्येक जनुकाची जोडी असते, एक आईकडून, एक बापाकडून. एकच बिघडलेला असेल तर माणूस ठणठणीत राहतो. दोघांकडून बिघडलेलाच आला तर मूल आजारी. म्हणजे आईइतकाच वाटा बापाचा. ग्रहण, करणी, सुनेचा पायगुण यांचा काडीचा संबंध नाही. अशा जोडप्याला दर खेपेला चारात एक धोका असतो. 'एक झालं, आता तीन चांगली होणार' हा हिशेब खोटा. प्रत्येक गरोदरपणी फासा नव्याने पडतो.

आता मामाच्या मुलीचं. आजा-आजी एकच, त्यामुळे तोच बिघडलेला जनुक दोघांत असण्याची शक्यता वाढते. सगळ्यांनाच असं होतं असं नाही. पण घराण्यात असं मूल झालेलं असेल तर सोयरीक जमवण्याआधी विचारा. लपवू नका.

ग्रामसेवक, आशाताईंनीही लक्षात ठेवावं: बाळाच्या अंगावर चकाकता पापुद्रा किंवा फोड दिसले तर ओढू नका, फोडू नका, हळद-तेल चोळू नका. मऊ स्वच्छ कापडात उबदार ठेवून १०८ बोलवा. पापुद्र्याची काही बाळं पुढे चांगली होतात. आणि बाळ दगावलंच, तर डॉक्टरांना त्याचं रक्त तपासणीसाठी घेऊ द्या. नेमका बिघाड कळला तरच पुढच्या खेपेला अकराव्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी करता येते.