वाड्याची दिंडी

पुण्यासारख्या जुन्या शहरांत पूर्वी मोठमोठे वाडे असत. एकेका वाड्यात दहा-पंधरा बिऱ्हाडे नांदत. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःची कडी व स्वतःचे कुलूप असे. पण वाड्याचा मुख्य दरवाजा मात्र सर्वांना मिळून एकच असे. रात्री तो बंद झाला, म्हणजे त्यातच बसवलेल्या लहानशा दिंडीतून ये-जा चाले. उशिरा परतलेल्या एखाद्या बिऱ्हाडकरूने दिंडीला कडी घालण्याचा कंटाळा केला, तर चोराला साऱ्या वाड्याची वाट मोकळी होई. चूक एकाची, हानी सर्वांची!

आज आपण अशाच एका अवाढव्य वाड्यात राहावयास आलो आहोत. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांसारखी समाजमाध्यमे हाच तो वाडा होय. येथे कोट्यवधी बिऱ्हाडे आहेत. दूरदेशी गेलेल्या भावाची खुशाली येथे क्षणात कळते, हा ह्या वाड्याचा मोठाच गुण आहे. परंतु त्याच्या दिंड्या डोळ्यांना दिसत नाहीत. आणि म्हणूनच त्या उघड्या राहिल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही.

ह्याचे एक खरे उदाहरण पाहा. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात काम करणाऱ्या अलेक्झांडर कोगन ह्या संशोधकाने २०१३ साली स्वभावाची चाचणी घेणारी एक प्रश्नावली तयार केली. फेसबुकच्या खात्यातून प्रवेश करून ती भरावयाची होती. सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी ती भरली. त्या काळी फेसबुकच्या नियमांत एक पळवाट होती. प्रश्नावली भरणाऱ्याने परवानगी दिली, की त्याच्याबरोबर त्याच्या मित्रांचीही बरीच माहिती घेता येत असे. त्या मित्रांना कोणी काही विचारले नाही. परिणामी २ लाख ७० हजार लोकांच्या परवानगीवर तब्बल ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गोळा झाली असावी, असे फेसबुकनेच पुढे सांगितले. ही माहिती केंब्रिज ॲनालिटिका नावाच्या संस्थेकडे गेली. मतदारांचा कल ओळखून निवडणुकीचा प्रचार करणे हा तिचा व्यवसाय होता. मार्च २०१८ मध्ये वृत्तपत्रांनी हा सारा प्रकार उजेडात आणला. २०१९ साली अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने फेसबुकला ५ अब्ज डॉलरांचा दंड केला.

आपल्या देशाचा आकडा तर अधिकच बोलका आहे. भारतात ती प्रश्नावली केवळ ३३५ जणांनी घेतली होती. परंतु देशातील सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांच्या माहितीला धोका पोहोचला असावा. म्हणजे थोड्यांनी दिंडी उघडी टाकली आणि लाखो बिऱ्हाडे उघड्यावर आली!

येथे कोणी म्हणेल, “आमच्यापाशी लपवण्यासारखे आहेच काय?” हा प्रश्न साधा दिसतो, पण तो फसवा आहे. वाढदिवसाच्या छायाचित्रावरून जन्मतारीख कळते, गणवेशावरून शाळा कळते, प्रवासाच्या छायाचित्रावरून घर बंद असल्याचे कळते. ह्यांतील एकेक गोष्ट क्षुल्लक असते. तथापि लबाड मनुष्य हे दाणे वेचून त्यांची रास करतो. मग एके दिवशी तो दूरध्वनी करतो, नावागावासकट ओळख सांगतो, आणि ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. ज्याला आपले इतके ठाऊक आहे तो परका कसा असेल, असे त्याला वाटते. फसवणुकीची सुरुवात पुष्कळदा येथेच होते.

मित्रांची माहिती सरसकट नेऊ देणारा फेसबुकचा तो जुना नियम पुढे बदलण्यात आला. परंतु इतर दिंड्या आहेतच. भ्रमणध्वनीत एखादे नवे ॲप घेताना आपण विचार न करता ‘परवानगी आहे’ असे कळवतो आणि त्यात साठवलेले आप्तेष्टांचे क्रमांक परक्याच्या हाती देतो. वर्गाचे छायाचित्र सर्वांपुढे ठेवताना त्यातील मुलामुलींची इच्छा विचारावयास विसरतो. एकाचे खाते चोरीस गेले, तर चोर त्याच्याच नावाने मित्रांकडे पैसे मागतो. आणि मित्र बिचारे स्नेहापोटी ते पाठवतातही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने असा निर्णय दिला, की खासगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे. २०२३ साली संसदेने नागरिकांच्या वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी कायदाही संमत केला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेतली पाहिजे, असे त्या कायद्यात म्हटले आहे. कायदा हा वाड्याचा पहारेकरी आहे. पण पहारेकरी कितीही जागरूक असला, तरी दिंडीला कडी घालण्याचे काम बिऱ्हाडकरूलाच करावे लागते.

ही कडी घालणे अवघड नाही. प्रत्येक खात्याचा परवलीचा शब्द वेगळा व लांब असावा. परवलीच्या शब्दाखेरीज ओळखीची दुसरी खूणही मागितली जाईल, अशी सोय खात्यावर करून घ्यावी. आपल्या भ्रमणध्वनीवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नये. एखाद्या मित्राने अचानक पैसे मागितले, तर त्याच्याशी प्रत्यक्ष बोलून खात्री करावी. फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प न बसता घरातील वडीलधाऱ्यांना सांगावे व १९३० ह्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. विलंब जितका कमी, तितकी पैसे वाचण्याची आशा अधिक.

ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट मात्र कोणत्याही यंत्रात सापडणार नाही. मित्राचा क्रमांक, त्याचे छायाचित्र, त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट, ही सारी त्याने आपल्यापाशी ठेवलेली ठेव आहे. आपली स्वतःची वस्तू कोणाला द्यावी, हे आपण ठरवावे. दुसऱ्याची ठेव मात्र त्याला विचारल्यावाचून कोणाच्या हाती देऊ नये. वाड्यातील शहाणा बिऱ्हाडकरू दिंडीला कडी घाली, ती केवळ आपल्या खोलीसाठी नव्हे, तर आत निर्धास्त झोपलेल्या शेजाऱ्यांसाठी.