थालर आणि चिल्लर : छोट्या जर्मन संस्थानांची चांदी

अठराव्या शतकातील पवित्र रोमन साम्राज्यात लहानमोठी सुमारे ३०० राज्ये, बिशपांच्या जहागिऱ्या आणि मुक्त नगरे नांदत होती, आणि त्यांपैकी कित्येकांना स्वतःची नाणी पाडण्याचा हक्क असल्याने एका दिवसाच्या प्रवासातही व्यापाऱ्याच्या थैलीत अनेक राजांचे मुखवटे जमत. या गोंधळावर उपाय म्हणून १७५३ मध्ये ऑस्ट्रिया आणि बव्हेरिया यांनी करार केला आणि कोलोनच्या एका मार्कातून, म्हणजे सुमारे २३४ ग्रॅम शुद्ध चांदीतून, १० थालर (चांदीचे मोठे नाणे) पाडण्याचे प्रमाण ठरवले. अनेक छोट्या संस्थानांनी ते उचलले आणि एका मार्कात अशी दहा नाणी बसतात, हे नाण्यावरच कोरले. नाण्याने स्वतःचा कस उघड सांगावा, हा प्रबोधनकाळाला शोभणारा विचार होता. प्रशियाने मात्र १७५० पासून १४ थालरांचा आपला वेगळा हिशेब चालू ठेवला.

तथापि हा प्रामाणिकपणा थालरापुरताच होता. स्वतःची खाण नसलेल्या संस्थानिकाला चांदी बाजारभावाने विकत घ्यावी लागे, त्यामुळे पूर्ण वजनाच्या थालरावर त्याला प्रतिष्ठेखेरीज फारसे काही मिळत नसे. खरी कमाई चिल्लर नाण्यांत होती, कारण त्यांच्या घडणावळीचा खर्च भरून निघावा म्हणून चांदी कमी घालण्याची मुभा असे आणि ती मुभा कुठवर ताणायची, हे शेवटी संस्थानिकच ठरवी. कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या लांगेनआर्गेन येथील मॉन्टफोर्टच्या काउंटांची टांकसाळ अशाच हलक्या नाण्यांसाठी बदनाम झाली, तरी घराण्याचे कर्ज फिटले नाहीच आणि १७८० मध्ये जहागीर ऑस्ट्रियाकडे गेली. सप्तवार्षिक युद्धात (१७५६–६३) तर प्रशियाच्या फ्रेडरिक दुसऱ्याने लाइपझिगची टांकसाळ ताब्यात घेऊन एफ्राइम आणि इट्झिग या टांकसाळीच्या ज्यू मक्तेदारांकरवी सॅक्सनीच्या छापाची हिणकस नाणी पाडली. आनहाल्ट-बेर्नबुर्गच्या संस्थानिकानेही हीच वाट धरली. राजाच्या गरजेपोटी झालेल्या या भेसळीचा दोष केवळ ज्यू मक्तेदारांच्या माथी मारणारी लोकस्मृती अन्यायाचीच म्हणावी लागेल.

शतकाच्या अखेरीस फ्रेंच फौजांच्या धास्तीने चित्र उलटले. बांबेर्गच्या बिशपाने १७९५ मध्ये आणि आइखश्टेटच्या बिशपाने १७९६ मध्ये युद्धखर्चासाठी चांदीची भांडी वितळवून पूर्ण कसाचे थालर पाडले. आइखश्टेटच्या नाण्यावर तर दरबारातील भांड्यांनीच गरजू मायभूमीला हात दिल्याचा लॅटिन लेख आहे. साम्राज्याच्या १८०२-०३ च्या फेररचनेत दोन्ही बिशपांची राजसत्ता संपुष्टात आली आणि तिच्यासोबत नाणी पाडण्याचा हक्कही गेला.