असिसीच्या यात्रेत मुक्काम कोठे करावा?

काष्टी (जि. अहिल्यानगर) : 2026 हे संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या देहावसानाचे 800 वे स्मृतिवर्ष. त्याच्या आदल्याच वर्षी, 7 सप्टेंबर 2025 रोजी, पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुतिस या तरुणाला संतपद बहाल केले. त्याची कबरही असिसी नगरातच आहे. या दोन कारणांमुळे रोमच्या यात्रेला जोडून असिसीला जाण्याची इच्छा आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांत बोलून दाखवली जाते. आयुष्यभराच्या बचतीतून, कधी मुला-मुलींच्या आग्रहाखातर, साठी-सत्तरी ओलांडलेले आईवडील या यात्रेला निघतात. विमान, व्हिसा आणि खर्च यांची चौकशी सर्वजण करतात, मात्र मुक्कामाची जागा बहुधा प्रवासी कंपनीवर सोपवून दिली जाते. असिसीच्या बाबतीत ही एकच गोष्ट यात्रा सफल किंवा विफल करू शकते, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

आपला काष्टी-श्रीगोंद्याचा मुलूख सपाट आहे. भीमेच्या खोऱ्यात वाढलेल्या माणसाला 'गावात राहणे' म्हणजे चर्चपासून, बाजारपेठेपासून दहा मिनिटांच्या चालीवर राहणे असे वाटते. असिसीत हा हिशेब चुकतो. हे नगर सुबासियो पर्वताच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 400 मीटर उंचीवर वसलेले आहे. नकाशावर दोन ठिकाणांत बोटभर अंतर दिसते, प्रत्यक्षात त्या दोहोंमध्ये दगडी पायऱ्यांची अरुंद गल्ली उभी असते. जेजुरीचा गड ज्यांनी पाहिला आहे त्यांनी असे समजावे, की त्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना घरे, दुकाने आणि मंदिरे आहेत आणि यात्रेकरूने दिवसातून तीन-चार वेळा तेथून चढ-उतार करायची आहे. पावसात हे दगड निसरडे होतात. चाकांच्या बॅगा त्यांवरून ओढणे हे तरुणांनाही जड जाते.

त्यातच 'असिसी' हे नाव एका गावाचे नसून संपूर्ण नगरपालिकेचे आहे, ही गोष्ट हॉटेलची जाहिरात वाचताना लक्षात राहत नाही. डोंगरावरचे तटबंदीचे जुने नगर हे एक असिसी. खाली सपाटीवर, सुमारे चार किलोमीटर अंतरावर, सांता मारिया देल्यी आंजेली हे दुसरे. रेल्वे स्थानक या खालच्या भागात आहे, आणि ज्या पोर्शिउंकुला नावाच्या चिमुकल्या प्रार्थनामंदिरापाशी संत फ्रान्सिस यांनी 3 ऑक्टोबर 1226 च्या संध्याकाळी देह ठेवला, तेही येथेच भव्य बासिलिकेच्या घुमटाखाली आहे. याखेरीज रिवोतोर्तो, पेत्रिन्यानो अशी लहान गावेही याच नगरपालिकेत मोडतात. त्यामुळे 'असिसी येथे तीन तारांकित हॉटेल' हे कागदावरचे वाक्य खरे असूनही आपली खोली संतांच्या कबरीपासून कित्येक किलोमीटर दूर शेतांमध्ये असू शकते. काही सहलींत तर मुक्काम पेरूजाला किंवा थेट रोमला ठेवून असिसी अर्ध्या दिवसात उरकले जाते. पैसे भरण्यापूर्वी हॉटेलचे नाव व पूर्ण पत्ता लेखी मागून घ्यावा. 'अथवा तत्सम' एवढ्या दोन शब्दांवर समाधान मानू नये.

आता मुख्य प्रश्न : वर राहावे की खाली? दोन्हींच्या बाजूने बोलता येईल, आणि उत्तर गटातील सर्वांत अशक्त व्यक्तीच्या गुडघ्यांवरून ठरवावे असे आमचे मत आहे. आपल्या काष्टीच्या शनिवारच्या बाजारात जाणता शेतकरी बैल घेताना रंगवलेली शिंगे पाहून भुलत नाही, आधी खूर आणि चाल पाहतो. हॉटेलच्या संकेतस्थळावरील गच्चीचे आणि सूर्यास्ताचे फोटो म्हणजे ती रंगवलेली शिंगे होत.

वर राहण्याचा मोठा लाभ पहाटे आणि रात्री मिळतो. सकाळी दहाच्या सुमारास बसगाड्या भरभरून प्रवासी येतात आणि संध्याकाळी परततात. त्या मधल्या वेळात संत फ्रान्सिस यांच्या बासिलिकेत रांग, गर्दी आणि मार्गदर्शकांचे आवाज असतात. या बासिलिकेची कोनशिला 1228 साली पोप ग्रेगरी नववे यांनी बसवली. दोन वर्षांनी, 1230 मध्ये, संतांचा देह तेथे आणून इतक्या गुप्तपणे पुरण्यात आला की तो पुढे 1818 मध्येच सापडला. खालच्या बासिलिकेच्याही खाली असलेल्या त्या तळघरातील कबरीपाशी पहाटेच्या मिस्साला बसणे आणि दुपारच्या गर्दीत तेथून पुढे सरकत जाणे, यांत फार अंतर आहे. ज्याला प्रार्थनेसाठी जायचे आहे त्याने किमान एक रात्र तटाच्या आत काढावी. एक रात्रही पुरेशी आहे.

मात्र तटाच्या आतही जागा पारखून घ्यावी लागते. नगर लांबट आहे. पश्चिम टोकाला संत फ्रान्सिस यांची बासिलिका, पूर्वेकडे संत क्लारा यांची, जिथे संत दामियानोच्या मंदिरात फ्रान्सिस यांच्याशी बोललेला क्रूस ठेवला आहे, आणि मध्ये नगरचौक. चौकाच्या वरच्या अंगाला संत रुफिनो कॅथेड्रल आहे, ज्याच्या बाप्तिस्माकुंडात फ्रान्सिस आणि क्लारा या दोघांचाही बाप्तिस्मा झाला. एका बासिलिकेपासून दुसऱ्या बासिलिकेपर्यंत साधारण एक किलोमीटर भरते. रेल्वे स्थानकाकडून येणारी शहर बस खालच्या प्रवेशद्वारांपाशी थांबत अखेर नगराच्या वरच्या टोकाला, माटेओट्टी चौकात पोहोचते. वयस्कर मंडळींसाठी येथे एक साधी युक्ती सांगता येईल : मुक्काम या वरच्या चौकाच्या आसपास ठेवावा, बसने वर यावे आणि पायी खाली उतरत जावे. प्रथम कॅथेड्रल, मग नगरचौक, नंतर संत फ्रान्सिस यांची बासिलिका. तेथून पुन्हा बस पकडून वर. चढ बसने आणि उतार पायाने, असा क्रम ठेवला तर सत्तरीचा माणूसही दिवसभर सर्वांबरोबर राहू शकतो. याउलट बासिलिकेच्या अगदी शेजारचे, जाहिरातीत सर्वांत आकर्षक दिसणारे हॉटेल घेतले तर प्रत्येक वेळी नगरात जाताना चढ आणि मग उतार असा उलटा क्रम वाट्याला येतो.

ज्यांना गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, हृदयाचा त्रास आहे किंवा जे चाकांच्या खुर्चीत आहेत, त्यांनी सांता मारिया देल्यी आंजेली येथे खालीच राहावे हे उत्तम. तेथे रस्ते सपाट आहेत, स्थानक चालत जाण्याजोगे आहे, आणि पोर्शिउंकुला दाराशी आहे. खाली राहणे म्हणजे दुय्यम यात्रा, असा समज करून घेऊ नये. फ्रान्सिस यांनी आपल्या बंधूंचा संघ जेथून वाढवला आणि जेथे येऊन मरण पत्करले ती जागा खालीच आहे. वर जाण्यासाठी टॅक्सी किंवा बस घेऊन एकदा शांतपणे जाऊन यावे. संत दामियानोचा मठ मात्र तटाबाहेर, ऑलिव्हच्या बागांतून उतरून आहे. जाताना वाट सुखाची वाटते, परतीचा चढ ध्यानात ठेवावा. पर्वतावरील कार्चेरी हा एकांतवास तर नगरापासून सुमारे चार किलोमीटर वर आहे, तेथे ज्येष्ठांनी वाहनानेच जावे.

निवासाचे प्रकारही समजून घ्यायला हवेत. 'आल्बेर्गो' म्हणजे आपले नेहमीचे हॉटेल. त्याचे तारे सोयी-सुविधांवरून ठरतात. जागा किती जवळ आहे, चढ किती आहे, हे त्यांवरून कळत नाही. 'अग्रितुरिज्मो' म्हणजे शेतावरील निवास. इटलीच्या 2006 च्या कायद्यानुसार तेथे शेती हाच मुख्य व्यवसाय असावा लागतो. आपल्या ऊस-कांद्याच्या शेतकऱ्याला ऑलिव्ह आणि द्राक्षांची ती शेती पाहणे मोठे कुतूहलाचे ठरेल यात शंका नाही, परंतु स्वतःची मोटार नसेल तर तेथून मिस्साला पोहोचणे अवघड. एखादी दुपार तेथे घालवावी, मुक्काम करू नये.

आमच्या वाचकांसाठी सर्वांत योग्य वाटतो तो तिसरा प्रकार : धर्मसंघांनी चालवलेली यात्रेकरूंची घरे. त्यांना 'काझा पेर फेरिए' म्हणतात. असिसीत फ्रान्सिस्कन आणि इतर संघांच्या भगिनी अशी घरे चालवतात. खोल्या साध्या, स्वच्छ असतात, घरातच प्रार्थनालय असते, आणि रात्रीच्या जेवणाची सोय बहुधा होते. दूरचित्रवाणी संच नसेल, खोली लहान असेल. रात्री ठरावीक वेळेला, सहसा साडेदहा-अकराच्या सुमारास, दार बंद होते, आणि ही वेळ आधीच विचारून घेतलेली बरी. इटलीतील अनेक मठांत आता भारतीय भगिनी सेवा करतात. तशी एखादी भगिनी भेटली तर वृद्धांची भाषेची अर्धी चिंता मिटते. गटासोबत धर्मगुरू असतील तर मिस्सा अर्पण करण्यासाठी त्यांनी आपल्या बिशपांचे 'सेलेब्रेट' पत्र बरोबर न्यावे आणि प्रार्थनालयाची वेळ खोलीबरोबरच राखून ठेवावी.

खोली राखून ठेवताना काही इटालियन शब्द कामी येतात. 'मात्रिमोनियाले' म्हणजे एकच मोठा पलंग, 'दोप्पिया' म्हणजे दोन स्वतंत्र पलंग. दोन मावश्या किंवा दोन व्याही एकत्र प्रवास करत असतील तर हा फरक आधीच स्पष्ट केलेला बरा. 'मेझ्झा पेन्सिओने' म्हणजे न्याहारी आणि रात्रीचे जेवण. डोंगरावरील नगरात ज्येष्ठांसाठी ही सोय घ्यावी, कारण रात्री जेवणासाठी पुन्हा पायऱ्या उतरण्याची गरज राहत नाही. इटालियन न्याहारी म्हणजे बहुधा कॉफी आणि गोड पाव. मधुमेहाच्या रुग्णांनी आपली व्यवस्था सोबत ठेवावी. 'अशेन्सोरे' म्हणजे लिफ्ट. हा शब्द विसरू नये, कारण शेकडो वर्षांच्या दगडी घरांत ती असेलच असे नाही. लिफ्ट आहे का, ती आपल्या मजल्यापर्यंत जाते का, आणि रस्त्यावरून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, हे तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. पहिल्याचे उत्तर 'होय' आले म्हणून उरलेले दोन सुटत नाहीत.

जुन्या नगरात वाहनांना मर्यादित प्रवेश आहे. बस तटाबाहेरच थांबते. तेथून सामान कोण आणि कसे नेणार, हॉटेल वाहनाची सोय करते का, याचा खुलासा करून घ्यावा. दोन रात्रींसाठी लहान पिशवी घेऊन मोठ्या बॅगा रोमच्या निवासस्थानी ठेवता आल्या तर फार चांगले. स्नानगृहाविषयीही एक गोष्ट सांगतो, जी विचारायला आपली माणसे संकोचतात : इटलीत 1975 च्या शासकीय आदेशानुसार राहत्या घरांत 'बिडे' हे धुण्याचे बसके पात्र बसवणे आवश्यक आहे, आणि बहुतेक हॉटेलांतही ते असते. पाण्याच्या वापराबाबत आपल्या लोकांची युरोपात होणारी अडचण या देशात पुष्कळच कमी होते.

काळ कोणता निवडावा, यावरही जागा मिळणे अवलंबून आहे. 4 ऑक्टोबरचा संत फ्रान्सिस यांचा सण, 1 व 2 ऑगस्टचा पोर्शिउंकुलाचा क्षमादानाचा उत्सव आणि मे महिन्याच्या आरंभीचा कालेंदिमाज्जो हा नगरोत्सव, या दिवसांत खोल्या फार आधी भरतात. इटलीने 2025 साली केलेल्या कायद्याने 4 ऑक्टोबर ही 2026 पासून पुन्हा राष्ट्रीय सुट्टी ठरवली, त्यामुळे गर्दीत इटालियन कुटुंबांचीही भर पडणार. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत मंडपात किंवा नातेवाइकांकडे आयत्या वेळी जागा होते. तशी अपेक्षा येथे ठेवून चालणार नाही. हिवाळ्यात शांतता असते, पण थंडी कडक पडते आणि काही घरे बंद असतात.

शेवटी कागदपत्रांविषयी. शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा आणि किमान 30,000 युरोचे वैद्यकीय विमासंरक्षण लागते. काही दलाल व्हिसापुरते हॉटेल राखून ठेवतात, नंतर ते रद्द करतात आणि प्रत्यक्षात दुसरीकडे नेतात. व्हिसा अर्जासोबत जोडलेल्या हॉटेलाचीच पावती प्रवासाच्या आठवड्यात पुन्हा मागावी आणि शक्य तर हॉटेलला स्वतः पत्र किंवा ईमेल पाठवून खात्री करावी. पोहोचल्यावर प्रत्येकाला पासपोर्ट दाखवावा लागतो, कारण पाहुण्यांची नोंद पोलिसांना कळवणे तेथील यजमानावर बंधनकारक आहे. पासपोर्ट क्षणभर मागितला म्हणून घाबरू नये. इटलीतील अनेक नगरपालिका दर रात्री दर माणशी निवासकर घेतात. तो बहुधा खोलीच्या भाड्यात धरलेला नसतो, जागेवरच द्यावा लागतो.

जाता जाता एक आठवण. आपल्या महाराष्ट्राचे पहिले संत, वसईचे गोन्सालो गार्सिया, हे फ्रान्सिस्कन बंधू होते. 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमधील नागासाकी येथे त्यांनी क्रूसावर रक्तसाक्ष दिली आणि 1862 साली त्यांना संत घोषित करण्यात आले. खालच्या बासिलिकेतील कबरीपाशी आपला गट जमेल तेव्हा त्यांच्या नावाने मराठीतून एक प्रार्थना जरूर म्हणावी. पहाटे त्या तळघरात त्यासाठी निवांत वेळ मिळतो, आणि रात्रीचा मुक्काम वर असेल तर त्या वेळी तेथे पोहोचता येते.