अंगणातलं पाणी

अंगणात पाणी साचतं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो भराव टाकायचा. एक ट्रॉली माती आणा, पसरा, दाबा, झालं. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. भराव टाकून डबकं जात नाही, ते सरकतं. आणि पुष्कळदा घराच्या जोत्याकडेच सरकतं. मग भिंतींना ओल चढते आणि पुढची काही वर्षं रंगारी बोलवण्यात जातात.

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घराच्या अंगणाचं काम मे महिन्यात झालं, पण त्याची पाहणी आधीच्या जुलैत, भर पावसात झाली होती. गवंडीकाकांची तशी अटच होती. “उन्हात अंगण सगळं सपाटच दिसतं. पाऊस लागला की बोलवा,” असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. ते आले, छत्री बाजूला ठेवली आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठल्या बाजूला हळूहळू ओढ घेतं, हे बघत बराच वेळ नुसते उभे राहिले. मग साचलेल्या पाण्याच्या कडेकडेने त्यांनी खुंट्या ठोकल्या. त्या खुंट्या आम्ही उन्हाळ्यापर्यंत हलवल्या नाहीत.

येणारं पाणी दोन वाटांनी येत होतं. मागच्या चढावरून ओघळणारं एक आणि छपराच्या पागोळ्यांचं दुसरं. छपराचं पाणी आपण फार कमी धरतो. शंभर चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 100 लिटर पाणी होतं. तासाभरात 40 मिलिमीटर पडला, आणि कोकणात तो पडतोच, तर 4000 लिटर खाली येतात. एवढं पाणी जायचं कुठून? रस्त्याकडेला पूर्वी गडगा होता. गडग्याचे दगड नुसते रचलेले असतात, त्यांच्या फटींतून पाणी निघून जायचं. तो पाडून तिथे सिमेंटात बांधलेली चिऱ्याची भिंत उभी राहिली. दिसायला नेटकी, पण पाण्याची वाट तिने पुरती बंद केली. शेजारच्या आजोबांना विचारलं, तेव्हा पाणी कुठल्या कोपऱ्यातून बाहेर पडायचं तेही त्यांनी हात करून दाखवलं. अशा कामात जुन्या माणसांना आधी विचारावं, कुदळ नंतर उचलावी.

मे महिन्यात काका लेव्हल पाइप घेऊन आले. पारदर्शक नळी, आत पाणी. दोन्ही टोकांना पाण्याची पातळी एकच राहते, एवढ्यावर सगळं चालतं. पण नळीत एक जरी बुडबुडा राहिला तरी माप चुकतं. म्हणून त्यांनी नळी उन्हात धरून बोटाने टिचक्या मारत मारत सगळी हवा बाहेर काढली. एक टोक भिंतीशी त्यांनी धरलं, दुसरं वृंदावनाशी त्यांच्या मुलाने. “सोड अंगठा... थांब, हलू दे पाणी.” पाणी वरखाली होऊन स्थिरावलं, की पेन्सिलीची खूण. त्यातून कळलं की वृंदावनापाशी जमीन फाटकाकडच्या कोपऱ्यापेक्षा 6 सेंटिमीटर खाली आहे. नुसत्या डोळ्यांना तो फरक कधी जाणवला नव्हता.

मग चर खणण्यासाठी घराच्या मागच्या कोपऱ्यापासून आजोबांनी दाखवलेल्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणली. सुतळी सपाट नव्हती. मीटरला 1 सेंटिमीटर उतार तिलाच दिलेला होता. खणताना चराचा तळ सुतळीपासून सगळीकडे सारखाच खोल ठेवायचा, की उतार आपोआप तळाला मिळतो. त्यासाठी काकांनी एका काठीला खाच पाडली होती. दोन-चार हात खणून झालं की काठी उभी करून खाच सुतळीला लागते का बघायचं. टिकाव मारणाऱ्या मुलाने एके ठिकाणी जास्त खोल खणलं, तेव्हा तिथे सैल माती न भरता काकांनी खडी घालून ती धुम्मसाने चोपून घेतली. सैल माती बसते आणि नेमका तिथेच गाळ धरतो.

मी शोषखड्ड्याबद्दल विचारलं. मे महिन्यात जांभा पाणी गटागट पितो, त्यामुळे खड्डा फार उपयोगी वाटतो. पण जुलैत आमची विहीर काठाशी येते. तेव्हा खड्डा खालूनच भरलेला असणार, वरचं पाणी तो घेणार कुठे? देशावर काळ्या मातीत अडचण वेगळी. ती माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जिरणं जवळपास थांबतं. तिथे मुरूम लागेपर्यंत खणलं तरच खड्ड्याला अर्थ. कुठलाही उपाय जमीन बघूनच ठरवावा लागतो.

आम्ही चर उघडाच ठेवला, दोन्ही कडांना चिरे लावले. फणसाची पानं पडतात. जमिनीखाली पाइप पुरला असता तर तो कधी तुंबला हे कळलंही नसतं. फाटकासमोर गाडी येते तेवढ्यापुरती फरशी टाकून मोरी केली, तिच्या तोंडाशी गाळ बसायला खड्डा ठेवला. भिंतीला भोक पाडून जाळी बसवली. पाणी रस्त्याकडच्या गटारातून वहाळाला जातं, शेजाऱ्यांच्या कलमांत नाही, याची काकांनी दोनदा खात्री केली.

पूर्वी पाऊस संपला की खळं खणून, भिजवून, चोपून नव्याने करत, मग सारवत. त्या निमित्ताने उतारही दरवर्षी नव्याने दिला जाई. पेव्हर ब्लॉक एकदा बसले की चुकलेला उतारही कायमचा बसतो. म्हणून ब्लॉक घालायचेच असतील, तर आधी एक पावसाळा अंगण बघावं.

आता मुसळधार सर थांबल्यावर वृंदावनाजवळ थोडं पाणी राहतं, पण दुसऱ्या दिवशी जिरून जातं. तेवढं मी राहू देते. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्याला तिथे तेवढी सवड मिळत नाही. मृग लागायच्या आधी गाळाचा खड्डा उपसायचा आणि जाळीला अडकलेली पानं काढायची. जोराच्या पावसात ती जाळी मी रोज संध्याकाळी बघते.