पाइप बदलल्यानंतर ब्रेकमधील हवा कशी काढावी?

शेतमाल बाजारात नेण्यासाठी अनेक शेतकरी बंधूंकडे जुनी जीप किंवा पिकअप असते. गंजलेला ब्रेक पाइप बदलला की काम झाले, असे समजून गाडी लगेच भरली जाते. आमच्या घरच्या गाडीबाबत हीच चूक झाली. उतारावर पेडल तळाला टेकले. गाडी रिकामी होती आणि पुढे चढ होता, म्हणून निभावले.

असे का होते?
तेल दाबाने आकसत नाही, हवा आकसते. पाइप उघडताच आत हवा शिरते. मग पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी ती हवा दाबण्यातच खर्च होतो.

पूर्वतयारी
गाडी सपाट जागेवर उभी करून इंजिन बंद करावे व चाकांना दगड लावावेत. मागची चाके लोंबकळत ठेवू नयेत. भारानुसार दाब ठरविणारा व्हॉल्व्ह असल्यास तो मागे जाणारे तेल अडवितो व हवा आतच राहते. ब्रेक लायनर आधी ॲडजस्ट करून घ्यावेत. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले डॉट-३ किंवा डॉट-४ तेल सीलबंद डब्यातील असावे. हे तेल हवेतील ओलावा शोषते. नवे डॉट-३ तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. इंजिन ऑईल किंवा डिझेल कधीही टाकू नये. त्याने रबरी वॉशर फुगतात.

कृती
१. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. आपल्याकडे साधारणपणे मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे व शेवटी पुढचे उजवे, असा क्रम येतो.
२. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील तेलात बुडवावे.
३. सोबत्याने पेडल सावकाश दाबून धरावे. मग निपल पाव ते अर्धा फेरा सैल करावा. तो पुन्हा आवळल्यानंतरच पेडल सोडावे.
४. बुडबुडे थांबेपर्यंत हीच कृती करावी. टाकीतील तेल संपू देऊ नये, अन्यथा पुन्हा हवा शिरते. निघालेले तेल पुन्हा वापरू नये.

जुन्या गाडीत पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा. पेडल तळापर्यंत गेल्यास सिलिंडरच्या न वापरलेल्या, गंजलेल्या भागावर वॉशर घासून फाटतो.

तपासणी
पेडल टणक लागले पाहिजे. दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जात असल्यास कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर खराब आहे, असे समजावे. प्रथम रिकामी गाडी मोकळ्या जागेत हळू चालवून ब्रेक पाहावा. पेडल टणक झाल्याशिवाय गाडीत एकही पोते चढवू नये.